चौथ्या ओळीतली गोळी

आमच्या घरात आजारी पडायचं असेल तर पूर्वतयारी करूनच पडावं लागतं. नुसतं "डोकं दुखतंय" म्हणून भागत नाही. कधीपासून, कुठल्या बाजूला, उठल्यावर की जेवल्यावर, आणि गेल्या दोन महिन्यांत कुठली गोळी नवीन सुरू झाली, या सगळ्याची उत्तरं जवळ नसतील तर माणसाने मुकाट्याने दुखणं अंगावर काढावं. माझी बायको हॉस्पिटलात सिस्टर आहे. तीस खाटांचा वॉर्ड ती सव्वीस वर्षं सांभाळते आहे, आणि एकतिसावी खाट म्हणजे मी.

लग्नाला गेलं की लोक नवरा-नवरी बघतात, ही पाहुण्यांचे घोटे बघते. मागे एका लग्नात, जेवणाच्या रांगेत, पुढच्या गृहस्थांच्या पायात मोज्यांचा वळ रुतलेला तिने पाहिला आणि ताट हातात धरूनच चौकशी सुरू केली. ब्लडप्रेशरची गोळी बदलली का? संध्याकाळी सूज वाढते का? आपण नवऱ्यामुलाचे काका, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. "गोळीनेही पाय सुजतात. मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना उद्याच्या उद्या दाखवा," असं बजावून ही पुढे सरकली. मी मागे ओळख नसल्यासारखा उभा होतो. महिन्याभराने ते गृहस्थ माझ्या चष्म्याच्या दुकानात आले, एक फ्रेम घेतली आणि जाताना पँट वर करून घोटे दाखवून गेले. तेव्हापासून मी लग्नात तिच्या शेजारीच उभा राहतो. धंद्याला बरं असतं.

माझा खोकलाही तिनेच पकडला. कोरडा, कफ नाही, ताप नाही, आणि रात्री पाठ टेकली की सुरू. मी आपला मध चाटत होतो. ही म्हणाली, "तुमची प्रेशरची गोळी बदलून पाच आठवडे झालेत. खोकला चार आठवड्यांचा आहे. मध कशाला वाया घालवताय?" डॉक्टरांनी गोळी बदलली आणि खोकला हळूहळू गेला. मधाची बाटली संपवायला मात्र मला मनाई झाली, कारण मध्यंतरी तिने माझी शुगरही तपासून घेतली होती.

वॉर्डात तिला पाठीमागे सगळे "सविस्तर" म्हणतात. हे मला कळलं ते हर्नियासाठी चार दिवस तिथेच पडून होतो तेव्हा. शिकाऊ सिस्टर मुली औषधाची ट्रॉली घेऊन आल्या की ही प्रत्येक खाटेपाशी थांबवणार आणि विचारणार, "ही गोळी घेतल्यावर पेशंट उद्या तुला काय सांगेल?" मुली पुस्तकातली यादी धडाधडा म्हणायच्या. हिला ती चालायची नाही. "पेशंट असं बोलतो का? पेशंट म्हणेल, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पेशंट म्हणेल, जिभेवर नाणं ठेवल्यासारखं लागतंय. ते ऐकू आलं पाहिजे." शेजारच्या खाटेवरचे आजोबा रात्रभर लघवीला उठायचे आणि सकाळी सगळ्यांना शिव्या द्यायचे. हिने कागद पाहिला, लघवी होण्याची गोळी संध्याकाळी सातला लिहिलेली दिसली, डॉक्टरांशी बोलून ती सकाळी आठला नेली. आजोबा त्या रात्री घोरले. मग शिव्या द्यायची पाळी माझ्यावर आली.

चुकीच्या बाबतीत तर ती फारच कडक. एका मुलीने एका बाईंना दुपारचं इंजेक्शन दोनदा दिलं होतं. बाईंना काही झालं नाही, मुलगी मात्र पांढरीफटक पडली होती. हिने आधी डॉक्टरांना बोलावलं, बाईंचं सगळं तपासून घेतलं, कागदावर नोंद करवली, आणि मग त्या मुलीला बाईंच्या खाटेपाशी नेलं. "तू सांग. बसून नाही, उभं राहून. चूक काय झाली ते सांग आणि थांब. पुढे 'पण' आला तर मी तुला पुन्हा सांगायला लावीन." मी पांघरुणातून ऐकत होतो. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी स्वतः किती "पण" खर्च केले याचा मनात हिशेब केला आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं.

आता आईबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझ्या आईबद्दल, हिच्या सासूबद्दल. शहात्तर वर्षांची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती. निवृत्त झाली तरी नंबर डोक्यातून गेले नाहीत. गल्लीत कुणाला कुणाचा नंबर हवा असला की लोक आमच्या खिडकीखाली येऊन हाक मारायचे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्याकडे पंचवीस वर्षं राहिल्या. म्यान मी होतो, आणि फाटलो तर मीच फाटलो. दोघींचं एकमेकींशी मात्र उत्तम. आईला औषध घ्यायचं ते सुनेच्याच हातून, आणि सुनेला घरात कुणाचं ऐकायचं तर ते सासूचंच.

या वर्षी मार्च-एप्रिलपासून आईचं बिनसायला लागलं. आधी चाव्या पावाच्या डब्यात सापडल्या, तेव्हा आम्ही हसलो. मग दिवसा खुर्चीतच डुलक्या, चालताना भिंतीला हात, बोलता बोलता शब्द हरवणं. वाचनालयातून येताना ती भलत्याच गल्लीत एका घराची बेल वाजवून उभी राहिली. तिथल्या लोकांनी घरचा नंबर विचारला, तो तिला सांगता येईना. मी आणायला गेलो तेव्हा ती त्यांच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "अरे, नंबर तोंडावर आहे रे, बाहेर येत नाहीये." एका दुपारी तिने बाबांचं ताट वाढून ठेवलं. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

ऑगस्टच्या शेवटी हिने आईला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हिची जुनी ओळख. कुठल्या गोळ्या चालू आहेत असं त्यांनी विचारलं, हिने तीन घडाघडा सांगितल्या: प्रेशरची, कोलेस्टेरॉलची, आणि लघवीची घाई होते म्हणून त्यांनीच मार्चमध्ये दिलेली. सिस्टर सांगताहेत म्हटल्यावर त्यांनी लिहून घेतल्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते, म्हणाल्या. तज्ज्ञांची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. येताना रिक्षात ही मला म्हणाली, "वय झालं, आता असं व्हायचंच." खरं तर मी तिथेच दचकायला हवं होतं. "वय हा आजार नाही" असं म्हणून हिने वॉर्डात भल्याभल्यांची तोंडं बंद केलेली मी ऐकली आहेत.

मग गॅस झाला. सप्टेंबरातल्या एका सकाळी आम्ही दोघं कामावर गेल्यावर आईने चहाला गॅस चालू केला, पेटवायला विसरली आणि बाहेर येऊन खुर्चीत झोपली. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी दादा आला, माझा थोरला भाऊ. इंजिनिअर आहे, प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे नकाशा तयार असतो. त्याच्या शहरात वृद्धांचं एक चांगलं होम होतं, चोवीस तास माणसं, आणि एक खाट रिकामी. शनिवारी दुपारपर्यंत अर्ज भरून पोचला तर ती आईला मिळणार होती. आई म्हणाली, "मला तिकडेच ठेवा. इथे राहिले तर मी कुणाला तरी जाळीन." आणि मग तिने सुनेकडे पाहिलं, ते मला अजून आठवतं. ती सुनेने नाही म्हणायची वाट बघत होती. ही नाही म्हणाली नाही. दादा अर्ज आमच्याकडे ठेवून परत गेला.

गुरुवारी हिची सुट्टी होती. दुपारी आई आत झोपलेली, आणि ही जेवणाच्या टेबलावर अर्ज घेऊन बसली. पट्टी, दोन पेनं, चष्मा. अर्ज भरायचा म्हटला की ही परीक्षेला बसते. तिसऱ्या पानावर औषधांचा तक्ता होता: औषध, किती, केव्हा, कधीपासून, कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून. ही मोठ्याने म्हणत लिहीत होती, वॉर्डात लिहिते तशीच. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. मग आतल्या खोलीत जाऊन तिने आईच्या उशाशी काय काय आहे ते पाहिलं, कारण तक्ता भरायचा तर डोळ्यांनी पाहून भरायचा, हा तिचा नियम. परत आली ती एक पिवळ्या गोळ्यांची पट्टी घेऊन.

"चौथी," ती म्हणाली. "अ‍ॅलर्जीची. रोज रात्री एक. जानेवारीपासून. अंगाला खाज म्हणून." आणि मग शेवटच्या चौकोनावर पेन थांबलं.

"लिही की," मी म्हणालो. "तुझ्याच सांगण्यावरून."

थंडीत आईच्या अंगाला खाज सुटली होती. हिने घरातल्या खणातून ती पट्टी काढून दिली होती, चार दिवस घ्या म्हणून. त्या गोळीने आईला झोपही छान लागायची. चार दिवसांचे नऊ महिने झाले. पट्टी संपली की मीच दुकानातून येताना नवी आणायचो. वॉर्डात प्रत्येक गोळीला कागद असतो, सुरू केल्याची तारीख असते, थांबवायची तारीख असते. घरात खण असतो.

हिने पट्टी उलटून मागची बारीक अक्षरं वाचली. मग मला विचारलं, "आईंच्या तोंडाला कोरड पडते?"

"दिवसभर पाणी पिते. तुला माहीत आहे."

"पोट साफ होत नाही."

"तेही तुलाच माहीत आहे."

"नजर पुसट होते म्हणून तुमच्याकडून दोनदा नंबर तपासून घेतला."

घेतला होता. दोन्ही वेळा नंबर तोच निघाला होता, आणि आपल्या आईला काय दिसत नाही ते आपल्याला कळत नाही म्हणून मी मनात खट्टू झालो होतो.

"ही एक गोळी या वयात डोकं गुंगवते," ती म्हणाली. "त्यावर मार्चमध्ये लघवीची सुरू झाली. तीही त्याच जातीचा त्रास देते. दोन्ही एकत्र. दुसऱ्या कुणाची ही यादी माझ्यासमोर आली असती ना, तर मी तासाभरात डॉक्टरांना फोन केला असता. मुलींना शिकवते मी हे. दरवर्षी शिकवते."

दिव्याखाली अंधार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचं तोंड पाहिलं आणि गिळलं. पंचवीस वर्षांत मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंना तिने तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या असाव्यात की तुम्ही सांगितलेल्या यादीत ही गोळी नव्हती, कारण ही म्हणाली, "नव्हती. मी ती औषधात धरलीच नाही." बाईंनी अ‍ॅलर्जीची गोळी बंद करायला सांगितली, लघवीचीही थांबवली, रक्त आणि लघवी तपासायला लिहून दिली. आशा लावू नका, असंही म्हणाल्या. सगळंच गोळ्यांचं असेल असं नाही, थोडं गोळ्यांचं आणि थोडं खरंच आजाराचंही असू शकतं, दोन-तीन आठवडे बघूया.

दादा मात्र चिडला. फोनवरून त्याचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता. "आता तुला अपराधी वाटतंय म्हणून तू गोळीवर ढकलतेस. शनिवारी खाट गेली तर पुढची वर्षभर मिळणार नाही. आणि तोवर पुन्हा गॅस झाला तर?"

"अपराधी वाटतंच आहे, भाऊजी," ही म्हणाली. "खाट जाऊ द्या. मी तीन आठवडे रजा टाकते. तीन आठवड्यांत आई सुधारल्या नाहीत तर मी स्वतः तुमच्याकडे आणून सोडीन, आणि दुसरं होम शोधायला तुमच्याबरोबर फिरेन."

हिने रजा टाकली ही बातमी वॉर्डात पोचली तेव्हा तिथे कुणाचा विश्वास बसेना. एका मुलीने मला फोन करून विचारलं, "सिस्टर बऱ्या आहेत ना?" मी म्हणालो, खाटा बदलल्यात फक्त.

शुक्रवारी सकाळी, आईचा नाश्ता झाल्यावर, ही तिच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. उभीच राहिली, बसली नाही. "आई, तुमच्या खाजेची गोळी मी सुरू केली होती. चार दिवसांनी बंद करायची, ती मी नऊ महिने दिली. तुम्हाला जे विसरायला होतंय, चालताना तोल जातोय, ते त्या गोळीमुळे असू शकतं. माझी चूक झाली." आणि ती थांबली. आईने सगळं नीट ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. मग विचारलं, "होमची गाडी कधी येणार आहे?"

शनिवारी हिने पुन्हा तेच सांगितलं. आईने पुन्हा नव्याने ऐकलं, पुन्हा "बरं" म्हणाली. रविवारी पुन्हा. शनिवारची दुपार येऊन गेली होती, खाट गेली होती, आणि आई रोज सकाळी गाडीची चौकशी करत होती.

मला राहवेना. म्हणालो, "रोज माफी? नाश्त्यानंतर एक, असं लिहून दिलंय का डॉक्टरांनी?"

"पेशंटला कळलं नाही तोवर सांगितलं असं म्हणत नाहीत," ती म्हणाली आणि मलमाचा डबा घेऊन आत गेली.

तो पहिला आठवडा वाईट गेला. गोळी बंद होताच खाज परत आली. ही आंघोळीचं पाणी कोमट करून घ्यायची, अंग हलकेच टिपायची आणि ओलसर असतानाच पाठीला, पोटऱ्यांना मलम चोळायची, दिवसातून दोनदा. लघवीची गोळी नाही म्हणून दर दोन तासांनी आईला स्वतः हात धरून न्यायची, आई "मला नाही लागली" म्हणून भांडली तरी. झोप उडाल्यामुळे आई चिडचिडी झाली. पाचव्या दिवशी तिने हिला "कोण तुम्ही बाई?" विचारलं. ही म्हणाली, "मी तुमची सून," आणि चादर बदलत राहिली. त्या दिवशी दुपारी मी हिला न्हाणीघरात नळ सोडून रडताना ऐकलं. मी दार वाजवलं नाही. वाजवायला हवं होतं, असं आता वाटतं.

तपासण्यांत रक्त ठीक निघालं, लघवीत जंतू नव्हते. म्हणजे दोष टाकायला दुसरं कुणी उरलं नाही. हिने वहीत रोजची ओळ लिहायला सुरुवात केली: पाणी किती, झोप किती, तोल कसा, शब्द किती हरवले. मला ती वही दाखवायची नाही. दहाव्या दिवशी आईचं पोट आपसूक साफ झालं, तेव्हा मात्र ही बाहेर येऊन मला अशा चेहऱ्याने सांगून गेली की नातवंड झालं असं वाटावं. अकराव्या दिवशी आई दुपारी डुलकी न घेता वर्तमानपत्र वाचत बसली. दादाचा फोन आला की मी म्हणायचो, बघतोय. हीच मला तसं म्हणायला सांगायची. तिला अजून काही बोलायचं नव्हतं, आणि मला तर आशा करायचीही भीती वाटत होती. एकदा आईला परत मिळाल्यासारखं धरायचं आणि पुन्हा सोडायचं, हे मला जमलं नसतं.

माफी रोज चालूच होती. तेच शब्द, तसंच उभं राहून. मला आता पाठ झाली होती. दाढी करताना मी ती आतून ऐकायचो आणि शेवटचं "माझी चूक झाली" आलं की दुकानात जायची वेळ झाली असं समजायचो.

सोळाव्या दिवशी मी गालाला साबण लावून उभा होतो. ही म्हणाली, "आई, तुमच्या खाजेची गोळी मी सुरू केली होती. चार दिवसांनी..."

"अगं," आई म्हणाली, "हे तू मला काल सांगितलंस."

मी ब्रश खाली ठेवला आणि दाराशी आलो. ही जागच्या जागी उभी होती. दुसरी कुणी असती तर धावत जाऊन गळ्यात पडली असती. पण खात्री केल्याशिवाय ही कशावर विश्वास ठेवते?

"काय सांगितलं मी काल?" तिने विचारलं. वॉर्डात मुलींना विचारते त्याच आवाजात विचारलं.

"गोळी तू चालू केलीस, बंद करायची राहिली, चूक तुझी," आई म्हणाली. "परवाही हेच सांगितलंस. परवा सांगताना तुझे डोळे भरले होते, काल नव्हते भरले." तिने वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं. "आणखी किती दिवस सांगणार आहेस? माझ्या लक्षात राहतंय आता."

हिने पुढचा प्रश्न विचारला नाही. ती आईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि रडायला लागली, आवाज करून, लहान मुलीसारखी. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? तिला पाणी आण." मी पाणी आणायला आत गेलो आणि तिथेच थोडा वेळ थांबलो, कारण मलाही रडू येत होतं.